कोलंबस घराण्याचे प्रार्थनामंदिर : स्थलांतरित वास्तूच्या प्रामाण्याचा प्रश्न

अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया राज्याच्या मध्यभागी बोल्सबर्ग नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील बोल घराण्याच्या जुन्या वाड्याच्या आवारात दगडी भिंतींची एक छोटी इमारत उभी आहे. इमारत विसाव्या शतकातील. परंतु तिच्या आत जी वेदी, जी चित्रे, ज्या मूर्ती व जी धर्मवस्त्रे आहेत, ती तिच्यापेक्षा कित्येक शतकांनी जुनी असून अटलांटिक महासागराच्या पलीकडून आलेली आहेत. स्पेनच्या उत्तरेकडील आस्तुरियास प्रांतात, ल्यामास देल मोउरो येथे, कोलंबसाचे नाव धारण करणाऱ्या एका घराण्याचा वाडा होता. त्या वाड्यातील खाजगी प्रार्थनामंदिराचा सर्व अंतर्भाग इ. स. १९०९ मध्ये येथे आणून बसविण्यात आला. तेव्हापासून ही वास्तू ‘कोलंबसाचे प्रार्थनामंदिर’ या नावाने ओळखली जाते.

हे नाव ऐकताच अमेरिका शोधून काढणाऱ्या दर्यावर्दी ख्रिस्तोफर कोलंबसाची मूर्ती पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभी राहते. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र येथेच थोडे थांबले पाहिजे. ही वास्तू नेमकी कशाचा पुरावा आहे? शोधकर्त्याच्या जीवनाचा, त्याच्या नावाने चालत आलेल्या घराण्याचा, की विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातील प्राचीन वस्तूंचा जो ओघ अमेरिकेकडे वळला त्याचा? या तीन प्रश्नांची गल्लत झाल्यास जपणूक उत्तम होऊनही इतिहास बिघडतो. प्रस्तुत लेखात हे तीन थर निरनिराळे करून पाहण्याचा विचार आहे.

१

प्रथम घराण्याचे प्रार्थनामंदिर ही संस्था काय होती, हे ध्यानी घेतले पाहिजे. मराठी वाचकास येथे आपल्याकडील वाड्यांतील देवघर आठवेल आणि ते काही अंशी योग्यही आहे. कारण दोहोंतही कुलाची उपासना, पूर्वजांचे स्मरण व घराण्याची प्रतिष्ठा एकत्र आलेली असतात. परंतु दोहोंत एक मूलभूत भेद आहे. देवघरातील पूजा घरचा यजमान स्वतः करू शकतो. कॅथलिक प्रार्थनामंदिरातील मिस्सा मात्र दीक्षित धर्मगुरूवाचून होऊ शकत नाही, आणि ती कोठे व्हावी हे ठरविण्याचा अधिकार बिशपाकडे असतो. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने इ. स. १५६२ मध्ये खाजगी घरांतून वाटेल तेथे मिस्सा करण्यास प्रतिबंध केला. केवळ उपासनेसाठीच राखून ठेवलेल्या आणि बिशपाने पाहून मान्य केलेल्या जागीच ती व्हावी, असा निर्बंध घातला. यामुळे घराण्याचे प्रार्थनामंदिर हे नेहमीच दोन सत्तांच्या सीमेवर उभे असे. भिंती व जमीन घराण्याची. आतील विधी धर्मपीठाच्या अनुज्ञेचा.

याला तिसरे एक अंग होते, ते द्रव्याचे. मृतांच्या आत्म्यांसाठी ठराविक मिस्सा अखंड व्हाव्यात म्हणून जमिनीचे किंवा अन्य उत्पन्न नेमून दिले जाई आणि त्यातून धर्मगुरूचा योगक्षेम चाले. स्पेनमध्ये अशा नेमणुकीस ‘कापेयानिया’ म्हणत. देवस्थानास इनाम लावून देण्याच्या आपल्याकडील पद्धतीशी तिचे साम्य उघड आहे. तेव्हा वेदी आणि मूर्ती हा या संस्थेचा केवळ दृश्य भाग होय. बिशपाची अनुज्ञा, नेमून दिलेले उत्पन्न, आसपासच्या गावाचा संबंध आणि पूर्वजांचे स्मरण हे तिचे अदृश्य भाग होत. वास्तू हलविताना यांतील काय हलविता येते आणि काय येत नाही, हाच खरा प्रश्न आहे.

हीच संस्था पोर्तुगीज अमलाखाली गोव्यातही रुजली होती. चांदोर येथील ब्रागांझा घराण्याच्या प्रसिद्ध वाड्यातील प्रार्थनामंदिर आजही त्या वाड्यातच आहे, व तेथे संत फ्रान्सिस झेवियरच्या नखाचा म्हणून मानला जाणारा अवशेष जतन केलेला आहे. जागा, घराणे आणि वस्तू ही तिन्ही एकत्र राहिली म्हणजे अशा वास्तूचे रूप कसे असते, ते गोव्यात गेलेल्या अभ्यासकास तेथे पाहता येते. बोल्सबर्गचा विचार करताना ते रूप मनाशी असणे उपयोगी पडेल.

२

आता शोधकर्त्याकडे वळू. कोलंबसाने स्वतः घराण्याच्या प्रार्थनामंदिराचा विचार केला होता काय? केला होता, आणि तो मोठ्या आस्थेने केला होता. इ. स. १४९८ मध्ये त्याने आपली मिळकत व अधिकार ज्येष्ठ पुत्राच्या वंशात अविभाज्य राहावेत म्हणून ‘मायोरास्गो’ची व्यवस्था लिहून ठेवली. इ. स. १५०६ मध्ये वायादोलिद येथे मृत्यूच्या आदल्या दिवशी जो अखेरचा दस्तऐवज त्याने नोंदविला, त्यात त्याने पुत्र दिएगो यास आज्ञा केली की, मिळकतीचे उत्पन्न पुरेसे होईल तेव्हा हिस्पानिओला बेटावर एक प्रार्थनामंदिर बांधावे. शक्य तर ते ला वेगा येथे, कोन्सेप्सिओन या वसाहतीत असावे. आणि तेथे धर्मगुरू नेमून दररोज मिस्सा व्हाव्यात. एक पवित्र त्रैक्याच्या गौरवार्थ, एक मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या, आणि एक सर्व मृत श्रद्धावंतांच्या, तसेच त्याच्या स्वतःच्या, त्याच्या मातापित्यांच्या व पत्नीच्या आत्म्यासाठी.

ही इच्छा त्याने योजिली होती त्या जागी व त्या रूपात फळास आली नाही. कोन्सेप्सिओन दे ला वेगा ही वसाहत इ. स. १५६२ च्या भूकंपात उद्ध्वस्त झाली. घराण्याला त्या बेटावर स्मरणस्थान मिळाले ते निराळेच. दिएगोची विधवा मारिया दे तोलेदो हिच्या विनंतीवरून सम्राट पाचवा चार्ल्स याने इ. स. १५३७ मध्ये सांतो दोमिंगोच्या प्रधान चर्चमधील मुख्य वेदीचा भाग कोलंबस घराण्यास दफनासाठी दिला. पुढे त्या अस्थींचीही भ्रमंती झाली. बेटाचा स्पॅनिश भाग इ. स. १७९५ मध्ये फ्रान्सकडे गेला तेव्हा कोलंबसाच्या म्हणून समजल्या गेलेल्या अस्थी हवानास नेण्यात आल्या, इ. स. १८९८ मध्ये क्यूबा स्पेनच्या हातून गेल्यावर त्या सेव्हिलकडे रवाना झाल्या. परंतु इ. स. १८७७ मध्ये सांतो दोमिंगोच्या चर्चमध्ये कोलंबसाचे नाव कोरलेली शिशाची पेटी सापडली, आणि खऱ्या अस्थी आपल्याकडेच आहेत असा दावा तेथील लोक करू लागले. ज्याचे अवशेषसुद्धा दोन देश आपापले म्हणतात, त्याच्या नावाशी जोडलेल्या प्रत्येक वस्तूकडे अभ्यासकाने अधिकच सावधपणे पाहिले पाहिजे.

या हकीकतीवरून एक गोष्ट स्पष्ट होते. कोलंबसाच्या मनातले प्रार्थनामंदिर कॅरिबियन बेटावरचे होते. आस्तुरियासमधील वाड्यातले प्रार्थनामंदिर हे त्याच्या मृत्यूनंतर त्याचे नाव चालविणाऱ्यांचे होते. पहिले नव्या जगात व्हावयाचे होते, ते झाले नाही. दुसरे जुन्या जगात होते, ते नव्या जगात आले. या योगायोगाचे आकर्षण मोठे आहे. परंतु योगायोग म्हणजे संबंध नव्हे.

३

‘कोलंबस घराणे’ या शब्दाचाही थोडा उलगडा आवश्यक आहे. शोधकर्त्यास राजाने दिलेली वचने आणि प्रत्यक्षात दिलेले अधिकार यांवरून त्याचे वारस व राजसत्ता यांच्यात दीर्घकाळ खटले चालले. इ. स. १५३६ मध्ये लवाद होऊन नातू लुईस याच्याकडे ‘अॅडमिरल’ हे पद वंशपरंपरेने ठेवण्यात आले. व्हेराग्वाची ड्यूकची पदवी आणि जमैकाचे मार्क्विसपद हीही त्या घराण्यात आली. इ. स. १५७८ मध्ये चौथा अॅडमिरल निपुत्रिक वारला आणि पुन्हा वारसाहक्काचा वाद उभा राहिला. तीस वर्षांनी, इ. स. १६०८ मध्ये, निर्णय पोर्तुगालच्या राजकुलाशी संबंधित अशा नून्यो दे पोर्तुगाल याच्या बाजूने झाला. त्याचा हक्क स्त्रीवंशातून आलेला होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस पुन्हा खटला होऊन पदव्या लार्रेआतेगी शाखेकडे गेल्या. तिचाही संबंध स्त्रीवंशातूनच होता. मिळकतीचा वारस कोलोन हे नाव धारण करी, आणि अशा रीतीने नाव अखंड राहून रक्ताच्या वाटा मात्र बदलत गेल्या.

म्हणून ‘कोलंबस घराणे’ ही जितकी रक्ताची तितकीच कायद्याची निर्मिती आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. यात त्या घराण्याचा कमीपणा नाही. दत्तकविधानाने चालत आलेल्या आपल्याकडील संस्थानिक घराण्यांचा इतिहास जाणणाऱ्यास यात नवलही वाटणार नाही. परंतु परिणाम ध्यानी घेतला पाहिजे. अशा घराण्याच्या प्रार्थनामंदिरात जमलेल्या वस्तू अनेक विवाहांतून, अनेक शाखांतून व अनेक शतकांतून आलेल्या असतात. त्या सर्वांना एकाच पूर्वजाचे नाव देणे म्हणजे त्यांचा स्वतंत्र इतिहास पुसून टाकणे होय. बोल्सबर्ग येथे अॅडमिरलचे म्हणून दाखविण्यात येणारे एक मेज आहे, ख्रिस्ताच्या क्रुसाचे म्हणून पूजिलेले काष्ठखंड आहेत. या वस्तूंच्या बाबतीत परंपरा काय सांगते आणि दस्तऐवज काय सांगतो, हे दोन रकाने नेहमी वेगळे ठेवले पाहिजेत. परंपरा हीदेखील इतिहासाची सामग्री आहे. मात्र ती घटनेचा पुरावा नसून श्रद्धेचा व घराण्याच्या आत्मप्रतिमेचा पुरावा असते.

एकोणिसाव्या शतकात या सर्व व्यवस्थेचा कायदेशीर पाया ढासळला. उदारमतवादी सरकारने इ. स. १८२० मध्ये मायोरास्गो रद्द केला. तो कायदा मध्यंतरी मागे घेतला गेला, परंतु इ. स. १८३६ मध्ये पुन्हा अमलात आला. कापेयानियांच्या मिळकतींवरही याच काळात गदा आली. जी मिळकत पूर्वी ठरलेल्या वारसक्रमाबाहेर जाऊ शकत नव्हती, ती आता मृत्युपत्राने इष्ट व्यक्तीस देता येऊ लागली. ज्या उत्पन्नावर मिस्सा चालत तेही आटले. अशा काळात घराण्याचे प्रार्थनामंदिर ही चालती संस्था न राहता मूल्यवान वस्तूंचा संचय होऊ लागते. आणि संचय हलविता येतो.

४

ल्यामास देल मोउरोच्या बाबतीत हे कसे घडले? थिओडोर डेव्हिस बोल हा बोल्सबर्गच्या घराण्यातील स्थापत्यविशारद. त्याचे शिक्षण पॅरिसमध्ये झाले होते. त्याचा विवाह मातिल्द द लागार्द या फ्रेंच युवतीशी झाला. मातिल्दची मावशी व्हिक्टोरिया ही कोलंबस घराण्यात दिलेली होती. पतीच्या पश्चात तिच्याकडे आलेला वारसा इ. स. १९०८ मध्ये तिच्या मृत्यूनंतर मातिल्दकडे आला. दुसऱ्याच वर्षी बोल दांपत्याने प्रार्थनामंदिराचा अंतर्भाग, वाड्यातील काही वस्तू आणि घराण्याचे कागद पेन्सिल्व्हेनियास आणले व त्यांच्यासाठी दगडी इमारत उभारली. इ. स. १९५२ पासून वाडा व प्रार्थनामंदिर ही संग्रहालयरूपाने लोकांस पाहता येऊ लागली.

काळाच्या दृष्टीने इ. स. १९०९ हे वर्ष लक्षणीय आहे. स्पेनमध्ये उत्खनन व पुरावस्तू यांविषयीचा कायदा इ. स. १९११ मध्ये झाला. कलावारशाच्या रक्षणाचा फर्मानवजा कायदा इ. स. १९२६ मध्ये व व्यापक कायदा इ. स. १९३३ मध्ये आला. म्हणजे १९०९ मध्ये खाजगी मालकीच्या अशा वस्तू देशाबाहेर नेण्यास परिणामकारक अडसर नव्हता. दुसऱ्या बाजूस, त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने नव्या जकात कायद्यान्वये वीस वर्षांहून जुन्या कलाकृतींवरील आयातकर उठविला. एका तीरावर दार अजून लागलेले नव्हते आणि दुसऱ्या तीरावर ते नुकतेच उघडले होते. या मोकळ्या वाटेने पुढील वीस-पंचवीस वर्षांत काय काय गेले याची उदाहरणे प्रसिद्ध आहेत. व्हेलेझ ब्लांकोच्या किल्ल्यातील संगमरवरी चौक इ. स. १९०४ मध्ये विकला गेला व अखेर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आला. साक्रामेनिया येथील मठाची ओवरी वृत्तपत्रसम्राट हर्स्ट याने १९२५ मध्ये विकत घेतली. तिचे दगड सुमारे ११ हजार पेट्यांतून गेले. रोगाच्या भीतीने पेट्यांतील गवत जाळताना दगडांची अदलाबदल झाली, आणि ती ओवरी कित्येक वर्षांनंतर फ्लोरिडात पुन्हा उभी राहिली.

बोल्सबर्गचे प्रार्थनामंदिर याच ओघातले असले तरी एका बाबतीत निराळे आहे, आणि माझ्या मते तीच त्याची खरी ऐतिहासिक किंमत होय. ते विकत घेतले गेले नाही. ते वारशाने आले. वर उल्लेखिलेल्या वास्तूंचा मूळ घराण्याशी किंवा मठाशी असलेला संबंध व्यापाऱ्याच्या दुकानात तुटला. येथे मात्र मावशीकडून भाचीकडे अशी साखळी तुटलेली नाही, आणि वस्तूंबरोबर कागदही आले. ज्या वारसाक्रमाने, म्हणजे स्त्रीच्या द्वारे, हे घराणे तीनशे वर्षे चालत आले होते, त्याच क्रमाची ही शेवटची पायरी आहे. कोलंबसाचे म्हणून मिरविले जाणारे प्रार्थनामंदिर खरे पाहता व्हिक्टोरिया व मातिल्द या दोन स्त्रियांच्या हातून आपल्यापर्यंत पोचले आहे.

५

याच्या नेमके उलट असे एक उदाहरण अमेरिकेतच विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी येथे आहे. फ्रान्समध्ये लियोंच्या दक्षिणेस शास नावाच्या गावी पंधराव्या शतकाच्या सुमाराचे, संत मार्टिनच्या नावाचे एक लहान प्रार्थनामंदिर पडीक अवस्थेत होते. आत शासच्या गढीचा अधिपती शेव्हालिए द सोतरो याची कबर होती. पहिल्या महायुद्धानंतर जाक कुएल या तरुण वास्तुविशारदाचे लक्ष तिकडे गेले. रेल्वेसम्राट जेम्स हिल याची कन्या गर्ट्रूड गॅव्हिन हिने ते विकत घेऊन लाँग आयलंडवरील आपल्या आवारात उभारविले. पुढे ती मिळकत रॉइटमन दांपत्याकडे गेली. त्यांनी इ. स. १९६४ मध्ये प्रार्थनामंदिर मार्केट विद्यापीठास अर्पण केले, आणि एकेक दगड सुटा करून ते इ. स. १९६६ मध्ये विद्यापीठाच्या आवारात पुन्हा उभे राहिले. आता त्याचे नाव आहे ‘जोन ऑफ आर्कचे प्रार्थनामंदिर’. या नावाचा आधार म्हणजे लाँग आयलंडवर असताना भिंतीत बसविलेली एक शिळा. जोनने त्या शिळेचे चुंबन घेतले व तेव्हापासून ती आजूबाजूच्या दगडांहून थंड राहते, अशी आख्यायिका आहे.

दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवली असता तुलना बोधप्रद होते. मिलवॉकीस भिंती आल्या. घराणे व कागद आले नाहीत. बोल्सबर्गला घराणे व कागद आले. भिंती आल्या नाहीत. तथापि दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच घडली. नव्या भूमीवर पाऊल ठेवताच लहान नाव गळून पडले आणि मोठे नाव चिकटले. संत मार्टिनच्या जागी जोन आली. ल्यामास देल मोउरोच्या जागी कोलंबस आला. हे कोणी कपटाने केले असे नाही. उपटलेल्या वास्तूला नवी माती ओळख देऊ शकत नाही, म्हणून ती ओळख सर्वांस ठाऊक असलेल्या नावाकडून उसनी घेतली जाते. आख्यायिका ही स्थलांतराची जणू किंमत असते.

इ. स. १९६४ च्या व्हेनिस सनदेने या प्रश्नासंबंधी तत्त्व घालून दिले. स्मारक हे ज्या इतिहासाची साक्ष देते त्यापासून व ज्या परिसरात ते उभे आहे त्यापासून वेगळे करता येत नाही. रक्षणासाठी अपरिहार्य असेल किंवा राष्ट्रीय अथवा आंतरराष्ट्रीय हिताचे अत्यंत सबळ कारण असेल तरच ते हलवावे. वास्तूचे अंगभूत असलेले शिल्प, चित्र वा अलंकरणही रक्षणाचा दुसरा मार्ग नसेल तरच काढावे, असे त्याच सनदेत पुढे म्हटले आहे. या कसोटीवर १९०९ चे कृत्य आज समर्थनीय ठरणार नाही. परंतु घडून गेलेल्या घटनेस पुढील काळाचा नियम लावून निकाल देणे एवढ्यावरच इतिहासकाराचे काम संपत नाही. जे झाले त्यातून काय उरले आणि काय गेले, याचा ताळेबंद मांडणे हे त्याचे खरे काम.

तो ताळेबंद असा मांडता येईल. उरले ते हे : वस्तूंचा परस्परसंबंध, कारण त्या विखुरल्या गेल्या नाहीत, वारशाची साखळी, आणि कागद. गेले ते हे : भिंती, वाडा व गावाशी असलेला संबंध, स्थानिक बिशपाच्या अनुज्ञेने होणारा विधी, आणि आसपासच्या शेतकऱ्यांच्या जीवनातील त्या वास्तूचे स्थान. ल्यामास देल मोउरोच्या ग्रामस्थांच्या दृष्टीने १९०९ मध्ये काही जपले गेले नाही. काही नाहीसे झाले. एकाच घटनेस एका तीरावर जतन व दुसऱ्या तीरावर हानी म्हणावे लागते, आणि दोन्ही विधाने खरी असतात. परदेशी गेलेल्या वारशाचा विचार करताना हे द्वैत सोडून चालणार नाही.

पदव्युत्तर अभ्यास करणाऱ्यांनी यातून एक व्यावहारिक शिस्त घ्यावी, असे सुचवावेसे वाटते. कोणतीही जतन केलेली वास्तू समोर आली असता तिचे प्रसिद्ध नाव क्षणभर बाजूस ठेवून तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. ती मुळात कोणत्या जागेची व कोणत्या व्यवस्थेची होती? ती येथवर कोणाच्या हातून, खरेदीने की वारशाने, आली? आणि आजचे नाव तिला कोणी, केव्हा व कोणत्या आधारावर दिले? पहिल्याचे उत्तर दानपत्रांत व धर्मपीठाच्या दप्तरांत, दुसऱ्याचे मृत्युपत्रांत व पावत्यांत, आणि तिसऱ्याचे संग्रहालयाच्या माहितीपत्रकांत सापडते. यांतील शेवटचे साधन सर्वांत सुलभ असल्यामुळे बहुधा तेवढेच वाचले जाते, आणि तेथेच चूक होते.

बोल्सबर्गच्या त्या लहान इमारतीत कोलंबस कधी गुडघे टेकून बसला नव्हता. ल्यामास देल मोउरोच्या वाड्याशीही त्याच्या आयुष्याचा संबंध नाही. परंतु त्याचे नाव चारशे वर्षे वाहून नेणाऱ्या माणसांनी ज्या वेदीपुढे गुडघे टेकले ती वेदी तेथे आहे, आणि ती तेथे कशी आली याची कहाणीही तिच्याबरोबर आहे. मोठ्या नावाचा हट्ट सोडल्यास ही साक्ष कमी मोलाची ठरत नाही. उलट ती अधिक विश्वसनीय होते.